रेडिएटरवरचा हत्ती

पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ म्युलूझ नावाचं शहर आहे. तिथल्या एका जुन्या सूतगिरणीत चारशेहून अधिक जुन्या मोटारी रांगा धरून उभ्या आहेत. जिथे एकेकाळी चात्या फिरायच्या, त्या अवाढव्य दालनात आता पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो नक्षीदार खांब आहेत, आणि त्यांच्या उजेडात निळ्या, काळ्या, पिवळ्या गाड्या चमकत असतात. बुगाटी गाड्यांचा एवढा मोठा साठा जगात दुसरीकडे कुठेही नाही. आत पाऊल टाकल्यावर काही मिनिटं तरी कशाकडे आधी बघावं हेच कळत नाही.

अशा ठिकाणी खरा गाडीवेडा माणूस चटकन ओळखू येतो. बाकीचे लोक दोन पावलं मागे सरून फोटो काढतात. हा मात्र गाडीजवळ जाऊन उकिडवा बसतो आणि चाकामागे डोकावतो. मला असेच एक गृहस्थ भेटले, साठी उलटलेले, आयुष्यभर यंत्रशाळेत काम केलेले. त्यांच्या शेजारी मीही बसलो. समोर होती बुगाटी टाइप 35, 1924 साली ल्यों इथल्या शर्यतीत पहिल्यांदा उतरलेली फ्रेंच निळ्या रंगाची गाडी. “तोंडवळा नंतर बघा, आधी पुढचा ॲक्सल बघा,” ते म्हणाले.

इतर गाड्यांमध्ये स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या वर किंवा खाली बांधलेले असतात. इथे ॲक्सलमध्येच चौकोनी खिडक्या पाडल्या आहेत आणि पाटे त्यांतून आरपार गेले आहेत. शिवाय तो ॲक्सल आतून पोकळ! पोकळ ॲक्सल वजनाला हलका, आणि चाकाबरोबर वरखाली उडणारं वजन जितकं कमी तितकं चाक रस्त्याला चिकटून राहतं. पोलादाचा एक दांडा कोरून, ठोकून, हा आकार देणारा कारागीर किती निष्णात असेल!

मग चाक. या गाड्यांचा निर्माता एत्तोरे बुगाटी याने तारांच्या आऱ्या टाकून अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव चाक केलं, त्याला आठ रुंद, चपट्या आऱ्या दिल्या आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतला. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे ब्रेक लवकर निवतात. शर्यतीत चाक बदलायला काढलं की ब्रेकचं अस्तर समोर उघडं पडतं. किती झिजलं ते तपासायला वेगळा वेळ लागत नाही. ल्योंच्या त्या पहिल्या शर्यतीत टायरांनी घात केला, पण नंतर सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीने 1925 ते 1929 अशी सलग पाच वर्षं जिंकली.

तोवर आमच्याभोवती आणखी दोघं-तिघं जमले होते. भाषा वेगवेगळ्या, पण हातवारे सगळ्यांचे सारखे. विषय निघाला हँडल मारून गाडी सुरू करण्याचा. एकाने हवेतच मूठ वळून दाखवली: अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. हे नियम पाळले नाहीत तर मनगट मोडू शकतं. का, ते समजून घेताना इंजिनाचं एक मोठं गुपित उलगडतं.

सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ज्योत पसरायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेत असतं तेव्हा तेवढ्या वेळात पिस्टन बराच पुढे निघून जातो. म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या जरा आधीच ठिणगी द्यावी लागते. पण हाताने हँडल फिरवताना पिस्टन सावकाश वर येत असतो. तेव्हा ठिणगी आधी पडली, तर स्फोटाचा सगळा जोर त्याला उलटा खाली ढकलतो, आणि हँडल मागे उसळून हातावर येतं. म्हणून स्टिअरिंगजवळच्या तरफेने ठिणगी आधी उशिरावर आणायची, इंजिन धरलं की तरफ सरकवून ती लवकर करायची. आज हे काम गाडी स्वतःच करते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या काळी चालकाला ते कानाने ऐकून करावं लागे. कॅडिलॅकने 1912 मध्ये विजेचा स्टार्टर आणला आणि हळूहळू हँडल मारणारे हात ही विद्या विसरले. इथे जमणाऱ्या लोकांनी ती जपली आहे, आणि म्हणून मला ही माणसं गाड्यांइतकीच मोलाची वाटतात. गाडी काचेमागे टिकते. ती चालवायची कशी, हे मात्र एकाने दुसऱ्याला सांगितलं तरच टिकतं.

म्युलूझचा हा गाड्यांचा साठा जमवला हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या गिरणीमालक भावांनी. गाड्यांचं वेड फ्रिट्झचं. 1964 मध्ये त्याने अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून एकदम 30 बुगाटी उचलल्या. गिरणीच्या बंद भिंतींआड कारागिरांची तुकडी या गाड्या दुरुस्त करत असे, आणि बाहेर त्याची फारशी वाच्यता नव्हती. पुढे कापडधंदा बुडाला, गिरण्यांत संप झाले, भाऊ स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च 1977 मध्ये कामगार आत शिरले, तेव्हा त्यांच्यासमोर हा झगमगाट उभा राहिला. आपल्या घामाचा पैसा कुठे गेला ते त्यांना लख्ख दिसलं. त्यांचा संताप किती असेल याची कल्पना करता येते. तरीही त्यांनी जागा ताब्यात घेऊन ‘कामगारांचं संग्रहालय’ असं नाव दिलं आणि सुमारे दोन वर्षं ती लोकांसाठी उघडी ठेवली. फ्रेंच सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे तो फुटून विकला गेला नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय रीतसर सुरू झालं.

आणि त्या दालनात रॉयल उभी आहे. बुगाटी टाइप 41. तीन टनांहून जड, सहा मीटरहून लांब, रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. तो एत्तोरेच्या धाकट्या भावाने, शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटीने घडवलेल्या मूर्तीवरून केलेला. इंजिन 12.7 लिटरचं, आठ सिलिंडरचं. मारुती 800 च्या 796 सीसीच्या इंजिनाशी ताडून पाहा: रॉयलच्या एकेका सिलिंडरमध्ये मारुतीची दोन अख्खी इंजिनं मावतात, सगळी मिळून सोळा! राजेरजवाड्यांसाठी 25 गाड्या करायचा बेत होता. मंदी आली, सहाच झाल्या आणि त्यांतल्या तीनच विकल्या गेल्या. सहापैकी दोन इथे आहेत, त्यांत एत्तोरेची स्वतःची ‘कूपे नेपोलियन’.

मंदीने रॉयलची गिऱ्हाइकं हिरावली, तरी तिचं इंजिन वाया गेलं नाही. फ्रेंच रेल्वेला वेगवान स्वयंचलित डबे हवे होते. बुगाटीने एकेका डब्यात रॉयलची दोन किंवा चार इंजिनं बसवली आणि चालकाला डब्याच्या मधोमध, छताच्या वर काढलेल्या छोट्या घुमटीत बसवलं. 1933 पासून हे डबे पॅरिसहून समुद्रकाठच्या दोव्हीलला धावू लागले. त्यांतला एकमेव उरलेला डबा म्युलूझच्याच रेल्वे संग्रहालयात आहे, तेव्हा मोटारी बघून झाल्या की तिकडेही जा, आणि हत्तीवाल्या गाडीचं काळीज रुळांवर कसं धावलं ते बघा.