चार दिनदर्शिका, एक सभागृह

सकाळी साडेनऊ. संकेतस्थळाआधी मी रखवालदार काकांची वही उघडते. रात्रीचं नाटक किती वाजता सुटलं, नेपथ्याचा टेम्पो कधी हलला, ते तिथेच कळतं. आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर दिनदर्शिका चार आहेत: नाट्यगृह, व्याख्यानमाला, बालविभाग, वाचनालय. मुलाला गोष्टी ऐकायला आणणाऱ्या आईला नाटकांच्या यादीतून वाट काढायला लावू नये, म्हणून प्रत्येक विभागाचं पान वेगळं.

सव्वादहा. पान वेगळं असलं तरी सभागृह एकच. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मुलांचं कथाकथन आणि नाटकाची तालीम एकाच वेळेला लागली. दोन्ही दिनदर्शिका आपापल्या जागी बरोबर होत्या. मुलं दारात उभी आणि आत रंगमंचावर सेट. त्यांचे पडलेले चेहरे मी विसरलेले नाही. त्या सोमवारी आम्ही ‘जागा’ हा रकाना चारही दिनदर्शिकांना समाईक केला. कुणीही सभागृह अडवलं की बाकीच्या तिघांना ती वेळ भरलेली दिसते. शिवाय प्रत्येक नोंदीला वेळा दोन. नाटक साडेचारचं, पण सेट लावायला माणसं दोनला येतात आणि सगळं आवरून निघायला नऊ वाजतात. प्रेक्षकाला साडेचार दिसतात, कार्यालयाला दोन ते नऊ. हा एवढा बदल केल्यापासून टक्कर झालेली नाही.

बारा. तिथीची कामं. दर महिन्याचा दुसरा रविवार एकदा सांगितला की पुढच्या नोंदी आपोआप पडतात. संकष्टीचं तसं होत नाही. दिनदर्शिकांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर पद्धतीने होते, तिच्या नेहमीच्या नियमांत तिथी बसत नाही. गणेशचतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला. ‘दरवर्षी’ अशी खूण केली असती तर उत्सवातली व्याख्यानं ऑगस्टातच लागली असती. म्हणून पंचांग शेजारी ठेवून एकेक तारीख हाताने भरते.

दीडला डबा.

अडीच. न्यू जर्सीतले सभासद आमची व्याख्यानं ऑनलाइन ऐकतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की नऊ. नोंदीला भारतीय वेळेची खूण असली की त्यांचा फोन हिशेब करतो. ती खूण राहिली तर माणूस उन्हाळ्याचाच हिशेब धरून तासभर उशिरा येतो.

साडेचार. उद्याच्या वक्त्यांचा घसा बसला, व्याख्यान गुरुवारवर. अशा वेळी नवी नोंद करायची नाही, जुनीच सरकवायची; नाहीतर फोनमध्ये नोंद उतरवून घेतलेल्यांना दोन्ही तारखा दिसतात. रद्द कार्यक्रमही मी पुसत नाही. ‘रद्द’ लिहून जागेवर ठेवते. पान कोरं दिसलं की ऐकायला येणाऱ्याला वाटतं, आपणच चुकीचं पाहिलं, आणि तो रिक्षा करून येतो.

हे बदल फोनपर्यंत पोचायला कधी कधी कित्येक तास लागतात. म्हणून साडेपाचपासून फोन.

“ताई, मी आलोच असतो हो,” एक आजोबा म्हणाले. “गुरुवारी नक्की ना?”

“नक्की, आजोबा. साडेसहाला.”

सहा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ते वाचनालयात येता-जाता दारातला फळा वाचतात. मी खडू घेऊन खाली जाते, उद्याची ओळ खोडते आणि खाली लिहिते: गुरुवारी, साडेसहा वाजता, वरचं सभागृह. लिहून झाल्यावर थांबते. ‘वरचं’ पुसून ‘मोठं’ करते. वरती आता बालविभागाचा वर्ग असतो.