कोटरा ते दुबई, व्हाया बी.एड.

दुबईच्या समुद्रात तेल सापडलं १९६६ साली. इंग्रजीचा भारतीय मास्तर तिथे त्याच्या सात वर्षं आधीच पोचला होता! केरळचे के. एस. वर्की १९५९मध्ये बँकेतल्या नोकरीसाठी दुबईला गेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मरियम्मा यांनी तिथल्या अरबांना इंग्रजी शिकवायला घेतलं, आणि शिकणाऱ्यांत राजघराण्यातली माणसंही होती. १९६८मध्ये वर्कींच्या घराने ‘अवर ओन इंग्लिश हायस्कूल’ काढलं. संयुक्त अरब अमिराती हा देश त्यानंतर, २ डिसेंबर १९७१ला जन्मला. शिकवणीपासून सुरू झालेल्या त्या शाळेतून पुढे मुलाने, सनी वर्कींनी, ‘जेम्स’ हा शाळांचा प्रचंड समूह उभा केला.

आता यातला मराठी धागा. वर्की फाउंडेशन जगातल्या एका शिक्षकाला १० लाख डॉलरचं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ देतं. २०२०चा मानकरी कोण? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. पुस्तकांत क्यूआर कोड आणणारे. जिंकल्या जिंकल्या त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकली. दुबईतल्या इंग्रजीच्या शिकवणीतून उभ्या राहिलेल्या संपत्तीचा एक वाटा माढा तालुक्यात आला आणि त्यातला निम्मा तिथून नऊ जणांमध्ये वाटला गेला. शिक्षकी पेशातली याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही.

कोटऱ्याच्या शेजारचा शिक्षकांचा कारखाना

हे सगळं भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत बसून का सांगायचं? कारण नेहरू नगर, जवाहर चौक, कोटरा या पट्ट्यापासून थोड्याच अंतरावर, श्यामला हिल्सवर, एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. भोपाळकर तिला नुसतं ‘आरआयई’ म्हणतात. अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ अशा चार जागी या संस्था १९६०च्या दशकात उभ्या राहिल्या. भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही येतात, हे पुण्या-मुंबईच्या कितीतरी शिक्षकांना ठाऊक नसतं. आवारातच सरावाची शाळा आहे. शिक्षक होऊ पाहणारी मुलं तिथे खऱ्या वर्गासमोर उभी राहून शिकतात.

आणि भोपाळात मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला ती भोपाळला हलली आणि सरकारी फायलींबरोबर कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. ज्या तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर बांधले गेले, त्याचं नावही मराठी माणसाचंच. त्या घरांतली आताची पिढी नोकरीसाठी पुण्याकडे बघते, बंगळुरूकडे बघते आणि आखाताकडेही.

परदेशी जाऊन भाषा शिकवण्याची परंपरा तर भोपाळची जुनीच. ज्यांच्या नावाने इथलं विद्यापीठ ओळखलं जातं ते मौलवी बरकतउल्ला भोपाळी स्वतः परदेशात भाषेचे मास्तर होते! लिव्हरपूलला त्यांनी अरबी शिकवली. १९०९मध्ये ते टोकियोला हिंदुस्थानीचे प्राध्यापक झाले. तिथे ब्रिटिशांविरुद्ध लिहू-बोलू लागले, तेव्हा ब्रिटिशांच्या दडपणामुळे १९१४मध्ये ती नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९१५ला, काबूलमध्ये राजा महेंद्रप्रताप यांनी स्थापन केलेल्या भारताच्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान झाले. भाषेच्या वर्गातून निघालेला माणूस कुठवर गेला बघा. १९७०मध्ये स्थापन झालेल्या भोपाळ विद्यापीठाला १९८८मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

दार कोणतं?

‘दुबईत इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत’ ही जाहिरात दोन प्रकारची असते, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात ब्रिटिश-अमेरिकी पद्धतीच्या शाळा आणि भाषावर्ग येतात. तिथे अनेकदा ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो. त्याचा अर्थ प्रत्यक्षात ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट. इंग्रजी कितीही अस्खलित असो, पासपोर्ट बघून अर्ज बाजूला पडतो. हा सरळसरळ अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं.

दुसरं दार भारतीय शाळांचं. दुबईतल्या खासगी शाळांत ब्रिटिश आणि भारतीय हे दोन अभ्यासक्रम सगळ्यांत मोठे. ‘इंडियन हायस्कूल’ १९६१पासून चालू आहे. अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात, आणि त्यांच्या मुलांना सीबीएसईचं इंग्रजी शिकवायला बी.एड. झालेला, वर्ग सांभाळलेला माणूस लागतो. आपल्या बी.एड.ला खरा भाव आहे तो इथे. २०१५पासून दोन वर्षांचं झालेलं हे शिक्षण, त्यातली २० आठवड्यांची शाळेतली इंटर्नशिप आणि नंतर गावातल्या एखाद्या शाळेत काढलेली दोन-तीन वर्षं, ही खरी शिदोरी. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स साधारण १२० तासांचा असतो आणि त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं. मोठ्यांच्या भाषावर्गासाठी तो उपयोगी आहे. पण शाळेची नोकरी हवी असेल तर आधी बी.एड., मग बाकीचं.

गंमत अशी की अरबी शहरात गेलेल्या इंग्रजीच्या बाई वर्गात बघतात तर समोर मल्याळी, तमिळ, गुजराती, मराठी मुलं! आणि ती मुलं शेजारच्या तासाला अरबी शिकत असतात, कारण तिथल्या खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे.

अरब विद्यार्थी भेटतात ते भाषावर्गात नाहीतर खासगी शिकवणीत. तेव्हा खरी परीक्षा. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे ‘पार्क’चा ‘बार्क’ होतो. ‘व्ह’ नाही, म्हणून ‘व्हेरी’ची ‘फेरी’. यावरचा जुना वर्गातला उपाय असा: ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरायची आणि इंग्रजी ‘पी’ म्हणायचं. पट्टी फडफडली पाहिजे. ‘बी’ म्हटलं की ती जागची हलत नाही. विद्यार्थ्याला नियम सांगावाच लागत नाही, कागदच सांगतो. पण मराठी शिक्षकाने आधी आपलीच पट्टी तपासावी, कारण आपला ‘प’ श्वास न सोडता येतो आणि इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘पी’ श्वास सोडून.

आणखी एक. ‘स्ट्रीट’ म्हणताना अनेक अरब विद्यार्थी पुढे ‘इ’ लावून ‘इस्ट्रीट’ म्हणतात. भोपाळात ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ ऐकत वाढलेल्या शिक्षकाला हे दुखणं घरचंच! अरबी लिपीत कॅपिटल अक्षरं नसतात, म्हणून विद्यार्थी वाक्याची सुरुवात लहान अक्षराने करतो. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. अरबी पाच दिसायला आपल्या शून्यासारखा, आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. फळ्यावर पानाचा आकडा लिहिताना हे ध्यानात ठेवावं.

शिक्क्यांची शर्यत

आता कागद. इथेच सगळ्यांत जास्त घोटाळे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

अमिरातीसाठी पदवीचं अटेस्टेशन पायऱ्या-पायऱ्यांनी होतं. आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं. कळीचा मुद्दा असा की पदवी ज्या राज्याची, पहिला शिक्का त्याच राज्याचा. बी.ए. नागपूर विद्यापीठाचं आणि बी.एड. भोपाळचं असेल, आणि भोपाळच्या मराठी घरांत असं सर्रास असतं, तर एक कागद महाराष्ट्राकडे जातो आणि दुसरा मध्य प्रदेशकडे. यात आठवडे जातात. नोकरी लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच करून ठेवलेलं बरं.

अपॉस्टिल नावाचा एकच शिक्का पुरतो असं कोणी म्हणालं तर विचारा, कुठल्या देशासाठी? भारत अपॉस्टिलच्या हेग करारात २००५पासून आहे. आखातात ओमान २०१२, बहरीन २०१३ आणि सौदी अरेबिया २०२२पासून या करारात आहेत, म्हणून तिथे अपॉस्टिल चालतं. दुबई, दोहा आणि कुवेतसाठी मात्र दूतावासाचा जुना लांब रस्ताच धरावा लागत आला आहे.

शिवाय पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढावा लागतो. दुबईत पोचल्यावर छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासणी होते. तिथल्या खासगी शाळांवर ‘केएचडीए’ या सरकारी संस्थेची देखरेख असते, आणि तिच्या मंजुरीशिवाय शिक्षकाला वर्गावर उभं राहता येत नाही. याच संस्थेने शाळांच्या तपासणीचे अहवाल इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवले आहेत. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘वीक’पर्यंतचे शेरे, शिकवण्याचा दर्जा, शिक्षक किती टिकतात, सगळं त्यात सापडतं. अर्ज करण्याआधी तो अहवाल वाचावाच.

ऑफर लेटर असं वाचा

पगाराच्या मोठ्या आकड्यावर नजर थांबू देऊ नका, खालची ‘बेसिक’ची ओळ शोधा. समजा ६,००० दिरहम लिहिले आहेत आणि त्यात बेसिक ३,००० आहे. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. म्हणजे रोजचे १०० दिरहम, वर्षाचे २,१००, आणि पाच वर्षांचे १०,५००. बेसिक ४,५०० असतं तर हीच रक्कम १५,७५० झाली असती. एकूण पगार तोच, फरक फक्त त्या एका ओळीचा.

पगारावर आयकर नाही. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की घरी येणारी रक्कम आपोआप वाढते. पण भाडं तिथे जबर असतं. घर, वर्षाचं विमान तिकीट, वैद्यकीय विमा आणि मुलांच्या फीमधली सवलत या चार गोष्टी कागदावर आहेत का, ते बघितल्याशिवाय सही करू नये.

अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. त्यात प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला त्या कायद्याने मनाई आहे. पासपोर्ट काढून घेणंही बेकायदा. इकडे भारतातही नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ‘दोन लाख द्या, शाळा पक्की’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. ‘व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्यालाही. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. पण तो दंड होईपर्यंत हाल शिक्षकाचेच होतात. घरचं सोनं गहाण टाकून एजंटला पैसे देणारी तरुण मुलं-मुली बघवत नाहीत. चांगली शाळा शिक्षकाकडून पैसे मागत नाही, हे आई-वडिलांनीही पक्कं ध्यानात ठेवावं.

शाळा सुटल्यावर घरी दोन मुलांना शिकवणं आपल्याकडे कोणी गुन्हा मानत नाही. तिथे मात्र परवाना लागतो. डिसेंबर २०२३मध्ये अमिरातीने खासगी शिकवणीसाठी वेगळं परमिट सुरू केलं. ते दोन वर्षांचं असतं, त्याला शुल्क नाही, आणि शाळेतल्या शिक्षकांबरोबर विद्यापीठातले विद्यार्थीही ते काढू शकतात. उत्तम काम करणाऱ्या खासगी शाळांतल्या शिक्षकांना गोल्डन व्हिसा देण्याची घोषणाही दुबईने ऑक्टोबर २०२४मध्ये केली.

हंगाम कधी?

भारतीय शाळांचं वर्ष तिथेही एप्रिलमध्येच सुरू होतं, ब्रिटिश शाळांचं सप्टेंबरात. म्हणून भारतीय शाळांच्या मुलाखती साधारण हिवाळ्यात होतात. दिवाळीचा फराळ संपला की अर्ज निघाले पाहिजेत. शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस ही पद्धत तिथे २०२२पासून आहे. शारजाहात तर शुक्रवारीही सुट्टी. रमजानात शाळेचे तास कमी होतात. जुलै-ऑगस्टच्या उन्हात शाळा बंद, आणि तेव्हाच सगळे भारतात येतात, त्यामुळे विमानाचं तिकीट महाग. भोपाळकरांना इंदूर जवळचं: इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं ते १५ जुलै २०१९ला, आणि ते दुबईलाच!

मुलाखतीत बहुतेक वेळा ऑनलाइन डेमो तास मागतात, वीसेक मिनिटांचा. एकच कविता किंवा व्याकरणातला एकच मुद्दा घ्यावा, मुलांना बोलतं करणारे दोन प्रश्न तयार ठेवावेत. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे कोटऱ्यात साडेदहा. वेळ कळवताना ‘दुबईची की भारताची’ हे ईमेलमध्येच विचारून घ्यावं.