पेढीवरचा नवा टेलिफोन: सोय किती, जबाबदारी किती?

नाशिकच्या सातपूर-अंबड भागांतील एखाद्या कारखान्यांत किंवा शहरांतल्या जुन्या पेढीवर गेल्यास कोपऱ्यांतल्या भिंतीवर एक पेटी अजूनही पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. बाहेरून दोन-चार तारा तिच्यांत येतात आणि आंतून वीस-पंचवीस तारा निरनिराळ्या मेजांकडे जातात. व्यवहारांत हिलाच ईपीएबीएक्स म्हणतात. एकत्र कुटुंबाचा दरवाजा एक आणि खोल्या अनेक असतात, तसाच हा प्रकार. ही पेटी आतां हळूहळू निवृत्त होत आहे. आणि तिची जागा घेणारी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं, कारण ती वस्तु नसून एक नियमावली आहे. हा फरक नीट समजून न घेतां पुष्कळ मंडळी केवळ बिल कमी येतें म्हणून नवी व्यवस्था पत्करतात. सोय खरीच आहे. परंतु तिच्याबरोबर जी जबाबदारी मालकाच्या शिरावर येते, तिचा विचार क्वचितच होतो.

जोडणी कोणाच्या हातीं?

आपल्या देशांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं पहिलीं एक्स्चेंजें १८८२ सालीं उघडलीं. त्या काळीं एक तार दुसरीस जोडून देण्याचें काम माणसाच्या हातीं असे. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाचा व्यवसाय अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा होता. आपलीं गिऱ्हाइकें ऑपरेटरबाई प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला व त्यांतून आपोआप जोडणी करणारें यंत्र त्यानें योजिलें, अशी आख्यायिका आहे. त्याचें पेटंट त्याला १८९१ सालीं मिळालें. आख्यायिकेंत अतिशयोक्ति असेल, पण तिचें मर्म खरें आहे: जोडणी ज्याच्या हातीं, धंद्याची नाडीही त्याच्याच हातीं.

स्ट्रोजरनें ऑपरेटरची सत्ता संपविली. परंतु ती पेटी बनविणाऱ्या कंपनीकडे गेली. पेटी एका कंपनीची घेतली, कीं तिच्या खास सोयींचे टेलिफोनही त्याच कंपनीचे घ्यावे लागत. माणसें वाढून पेटी अपुरी पडली, कीं नवें कार्ड तिच्याचकडून व ती सांगेल त्या भावानें. दहा-बारा वर्षांनीं कंपनीनें तो नमुना बंद केला, कीं चांगली चालती पेटीही भंगारांत जाई.

आमंत्रणापासून निरोपापर्यंत

ही बांधिलकी तोडणारा संकेत मार्च १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचें नांव सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, संक्षेपानें 'सिप'. मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन, ईव्ह स्कूलर व जोनाथन रोझेनबर्ग हे त्याचे मूळ कर्ते. जून २००२ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली आणि तीच आजच्या व्यवस्थेचा पाया आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९६ सालीं एच.३२३ नांवाचा असाच एक संकेत काढला होता; परंतु सिप समजण्यास सोपा असल्यामुळें पुढें त्याचीच सरशी झाली. हा लेख कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतो व त्यावरून कोणीही यंत्र बनवूं शकतो, ही त्यांतील खरी क्रांति होय. त्याच १९९९ सालीं मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणानें, आपल्या छोट्या धंद्यास विकतची पेटी परवडत नाहीं म्हणून, साध्या संगणकावर चालणारें 'अ‍ॅस्टेरिस्क' नांवाचें एक्स्चेंज स्वतःच लिहून काढलें व जगास मोफत दिलें.

सिपचें काम आपल्याकडील शिष्टाचारासारखेंच आहे. प्रत्येक टेलिफोन 'मी सध्यां अमुक ठिकाणीं सांपडेन' अशी वर्दी ठराविक वेळानें मध्यवर्ती संगणकाकडे देत राहतो. कोणी बोलावूं लागला, कीं त्याच्याकडून आमंत्रण जातें. पलीकडून प्रथम 'घंटा वाजत आहे' असा निरोप येतो, मग 'ठीक आहे' असा होकार. त्यावर 'पोंचलें' अशी पोंच जाते आणि संभाषण सुरू होतें. शेवटीं एक जण 'येतों' म्हणून निरोप घेतो. सिपचें काम एवढेंच. आवाज वाहून नेण्याची कामगिरी दुसऱ्या संकेताकडे असते. नेहमींच्या पद्धतींत आवाजाचें मोजमाप सेकंदांत ८,००० वेळां घेतलें जातें व त्याचीं पाकिटें करून, बहुधा सेकंदास ५० या प्रमाणांत, इंटरनेटवर रवाना होतात. एका बाजूनें लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारें सातव्या भागाहून कमी असला, तर बोलणाऱ्यास अंतर जाणवत नाहीं.

जुन्या पद्धतींत दोघांच्या संभाषणासाठीं एक वाट अडवून ठेवावी लागे. येथें एकाच वाटेवरून अनेकांचीं पाकिटें जातात. म्हणूनच खर्च उतरतो. आणि पेटीचें काम कोठल्याही संगणकावर होऊं शकत असल्यामुळें ती कार्यालयांत असण्याचीही गरज उरत नाहीं. असे संगणक सांभाळणारीं गृहें आतां केवळ मुंबईंतच आहेत असें नाहीं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत ईएसडीएस या कंपनीचें असें एक गृह आहे.

कायद्याची वाट

आपल्याकडे ही वाट फार उशिरां मोकळी झाली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली, पण तिच्यावर बंधनें कडक होतीं: देशांतील साध्या टेलिफोनशीं ही वाट जोडतां येत नसे. एकाच कचेरींत दोन्ही व्यवस्था असल्या तरी त्यांची सरमिसळ होऊं न देणें हें मालकाचें कर्तव्य असे. जून २०१८ मध्यें इंटरनेटवरील टेलिफोनास रीतसर क्रमांक देण्याची मोकळीक परवानाधारक कंपन्यांस मिळाली. नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्यें कॉल सेंटरांसारख्या उद्योगांवरील निर्बंध सैल झाले आणि कर्मचाऱ्यांना घरीं बसून काम करणें सुलभ झालें. नाशिकसारख्या शहरास याचें महत्त्व विशेष आहे. मुंबईच्या कचेरींतील एक्स्टेन्शन अंबडच्या कारखान्यांत वाजूं शकतें; लासलगांवच्या बाजारांत गेलेल्या भागीदाराच्या खिशांतला मोबाइल पेढीचाच टेलिफोन होऊन बसतो; आणि मुलांसाठीं घरीं राहावें लागणारी सुशिक्षित सून घरांतूनच गिऱ्हाइकांशीं बोलण्याची नोकरी करूं शकते.

आतां जबाबदारीकडे वळूं

पहिली गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेवरील साध्या टेलिफोनास लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून तारेबरोबरच येत असे. गांवांत अंधार झाला तरी तो चालत असे. नव्या टेलिफोनास स्वतःची वीज हवी, राउटरास हवी आणि इंटरनेटही शाबूत हवें. ब्रिटनमध्यें जुन्या तारा बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवावी लागली, ती मुख्यत्वें वृद्ध व आजारी माणसांच्या मदतीच्या घंटा या तारांवर अवलंबून होत्या म्हणूनच. ज्या कारखान्यांत रात्रपाळी चालते तेथें अपघात सांगून येत नाहीं. बॅटरीची सोय आणि एक तरी निराळा टेलिफोन ठेवणें हा तेथें कर्तव्याचाच भाग समजावा.

दुसरी गोष्ट कुलपाची. जुन्या पेटीस हात लावण्यासाठीं चोरास दाराच्या आंत यावें लागे. नवी पेटी इंटरनेटवर असल्यामुळें जगाच्या कोणत्याही टोकाचा मनुष्य तिचें दार ठोठावूं शकतो. पासवर्ड सोपा असला, कीं रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं परदेशास शेंकडों कॉल केले जातात व बिल मालकाच्या नांवावर फुटतें. हा चोरीचा प्रकार जगभर सुपरिचित आहे. परदेशी कॉलांची गरज नसल्यास ते बंदच ठेवावेत आणि खर्चास दररोजची मर्यादा घालून घ्यावी.

तिसरी गोष्ट विश्वासाची, आणि हिचा संबंध प्रत्येक घराशीं आहे. ०२५३ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे नाशिक, असें आपण धरून चालत आलों. कारण क्रमांक तारेस बांधलेला होता व तार घरास. नव्या व्यवस्थेंत ती गांठ सुटली आहे. कपटी मनुष्य खोटा क्रमांक दाखवूं शकतो. २२ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें, भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून परदेशांतून येणारे कॉल अडविणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हां पहिल्या चोवीस तासांत असे सुमारें १.३५ कोटी कॉल ओळखले गेले. घरांतील वडीलधाऱ्यांना हें समजावून सांगणें आवश्यक आहे: दिसणारा क्रमांक हा ओळखीचा पुरावा नव्हे. बँकेचें किंवा पोलिसांचें नांव घेऊन कोणी पैसे मागितल्यास बोलणें थांबवावें व आपणांस आधींपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

चौथी गोष्ट कराराची. सिपनें यंत्राची बांधिलकी संपविली, पण सेवेची नवी बांधिलकी निर्माण होऊं शकते. कंपनी बदलल्यास पेढीचा जुना क्रमांक आपणांकडे राहील काय, संभाषणांच्या नोंदी कोठें व किती दिवस ठेवल्या जातात, बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्त होईल, हें सहीपूर्वीं लेखी घ्यावें. वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाइकांच्या तोंडीं असलेला क्रमांक ही पेढीची मिळकत आहे; ती निष्काळजीपणानें दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.

आणखी एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नव्या यंत्राबरोबर 'मराठीसाठीं एक दाबा' म्हणणारा आवाज आला आणि आवाजावरून गिऱ्हाईक ओळखून 'काका, प्रकृति कशी आहे?' असें विचारणारी ऑपरेटरबाई अनेक कचेऱ्यांतून दिसेनाशी झाली. संकेतांत तिला काढून टाकण्याची आज्ञा नाहीं. ती मालकाची निवड आहे. वाचलेल्या पैशांतून निदान एक माणूस दाराशीं बसविणें पेढीस जड जाऊं नये.

स्ट्रोजरच्या काळापासून जोडणीची सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जात आली. आज प्रथमच ती लहान धंदेवाल्याच्या हातीं येत आहे. हातीं आलेली सत्ता सांभाळावयाची असेल, तर पेढीच्या धन्यानें जमाखर्चाच्या वहीकडे जितकें लक्ष द्यावयाचें, तितकेंच यापुढें टेलिफोनकडेही दिलें पाहिजे.