घुबडाच्या डोक्यावर एक शनिवार

पहाटे 3.45. चहा उकळतोय. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपापडीच्या वड्या. नाशिकला दुपारचे सव्वा वाजलेत, त्यामुळे आईचा फोन याच वेळी येतो.

"आज कुठला डोंगर?"

"आऊल्स हेड. घुबडाचं डोकं."

"सुटीच्या दिवशी दुसरं नाव सापडलं नाही का रे?"

नाव मी निवडलेलं नाही, यादीत आहे. बॉस्टनच्या ॲपलाचियन माउंटन क्लबची ही यादी. न्यू हॅम्पशायरमधली 4,000 फुटांवरची 48 शिखरं पायी चढून उतरायची, तारखा लिहून क्लबला अर्ज करायचा, की कापडी बिल्ला आणि प्रशस्तिपत्र मिळतं. गाडीने वर जाऊन चालत नाही. वॉशिंग्टन शिखरावर 1869 पासून दातेरी चाकांची रेल्वे जाते, तिने गेलात तर फक्त फोटो मिळतो. शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या धारेवरच्या खिंडीपासून 200 फूट तरी उठलेलं नसेल, तर ते शिखर वेगळं धरत नाहीत.

5.40. लिंकन वुड्सचा वाहनतळ. नॅशुआहून दीड तास गाडी चालवून आलो. झुलता पूल ओलांडला की नदीकाठाने सरळसोट वाट. ही जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेची वाट. 1948 साली रेल्वे बंद पडली, पण काही स्लीपर अजून मातीत आहेत. दोन स्लीपरांतलं अंतर माणसाच्या पावलाला मुद्दाम चुकवून ठेवल्यासारखं. एक पाऊल तोकडं पडतं, दीड पाऊल जास्त होतं. हेडटॉर्च विझवला तेव्हा साडेसहा झाले होते.

8.00. ओढे. पूल नाहीत, पाट्याही फारशा नाहीत, कारण हे राखीव रान आहे. पहिल्या ओढ्यात बूट काढले. दुसऱ्यात आळस केला आणि डावा पाय घोट्यापर्यंत भिजवला. पुढचे आठ तास मोजा पचपचत होता.

9.45. दगडांची एक लगोरी दिसली. इथे हीच पाटी. इथून मैलभर उभा चढ, त्यातला खालचा भाग घसाऱ्याचा. सह्याद्रीतल्यासारखाच: एक पाऊल वर, अर्धं खाली. दम खायला वळलो आणि समोर अख्खी फ्रँकोनिया धार उघडी पडली, लाफायेत आणि लिंकन दोन्ही शिखरं उन्हात. आजच्या दिवसातलं पाहण्यासारखं जे काही ते इथे, माथ्याच्या खाली.

11.10. माथा. म्हणजे झाडांतली एक मोकळी जागा. डबा उघडावासा वाटला. पूर्वी लोक इथूनच परतायचे, खरा उंचवटा धारेवर आणखी थोडा उत्तरेला आहे. क्लब फोटो मागत नाही, साक्षीदार मागत नाही. तारीख लिहिली की मानतो. मी बसलो, एक वडी खाल्ली, आणि स्वतःवरच चिडून उठलो. कॉलेजात असताना दोनशे पानी वहीच्या मागच्या पानांवर किल्ले लिहीत असे: राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. एकदा पावसात बालेकिल्ला न गाठताच परतलो आणि तरी राजगड लिहून टाकला. वही कुणीच तपासणार नव्हतं. तरी पुढच्या वर्षी त्या एका ओळीसाठी पुन्हा गुंजवण्याची एसटी पकडली.

स्प्रूसच्या फांद्या तोंडावर घेत वीस मिनिटं गेली. खऱ्या माथ्यावरही झाडंच.

वैतागून विचारावंसं वाटतं, की असलं शिखर यादीत ठेवलंच का? पण हेतूच तो होता. 1957 साली क्लबने ही योजना काढली तेव्हा आऊल्स हेडवर वाट नव्हती, फारसं कुणी जातही नव्हतं. लोकांनी नेहमीची चार नामांकित शिखरं सोडून अशा अडगळीच्या कोपऱ्यांत जावं, म्हणून यादी. आपल्याकडेही दर पावसाळी रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते, तेव्हा अशी एखादी यादी कुणीतरी काढायला हवी असं मला वाटतं.

दुपारी 4.15. गाडी. एकूण 29 किलोमीटर. उतरतानाचं काही सांगण्यासारखं नाही, गुडघे सोडून.

संध्याकाळी 7.00. आंघोळ, मुगाची खिचडी, मग अर्जाचा कागद. शिखर, तारीख, सोबती. सोबती: कुणी नाही. शेरा: डावा बूट ओला. आईला माथ्यावरचा फोटो पाठवला होता. तिच्या रविवारी सकाळी उत्तर आलं: "यात घुबड कुठेय?"

यादीत या शिखराची उंची 4,025 फूट आहे. सव्वीस फूट कमी असती तर मी तिथे कधीच गेलो नसतो.