निसर्ग सहल : मुलांनी काय घालावे, पिशवीत काय न्यावे?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांच्या सहली निघतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण आहे, पैनगंगेवरचे इसापूर धरण आणि तिथले पक्षी अभयारण्य आहे. मुलांना पुस्तकाबाहेर शिकवायला याहून चांगली जागा कुठली? पण बऱ्याच घरांत सहल म्हणजे जणू ईद किंवा लग्नच. काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी नवीकोरी सँडल घालून आली. अर्ध्या तासात टाचेला फोड आला आणि बाकीचा दिवस तिने गाडीत बसून काढला. चूक तिची नव्हती. आम्ही शिक्षकांनीच घरी नीट सांगितले नव्हते. म्हणून आता सांगतो.

कपडे : पहाटे थंडी, दुपारी ऊन. म्हणून सुती कपडे आणि वरून काढता येईल असा स्वेटर. बाह्या पूर्ण, पँट किंवा सलवार घोट्यापर्यंत. काटे, कुसळं, डास आणि गोचीड यांपासून अंग वाचते. रंग खाकी किंवा मातकट असावा, भडक रंगाने पक्षी बिचकतात. जीन्स भिजली तर लवकर वाळत नाही.

मुलींसाठी : "मॅडम-सर, पर्द्याचं कसं?" असे अम्मी-अब्बू विचारतात. पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सलवार आणि सुती स्कार्फ हाच तर रानातला सोयीचा पोशाख! फक्त ओढणी लोंबती नको, काट्यात अडकते. स्कार्फ पिन लावून नीट बांधा. कपड्यांच्या काळजीने मुलीला घरी ठेवू नका.

पाय : रोजचे, पायाला सवयीचे बूट आणि मोजे. चप्पल नको, नवे बूट तर नकोच.

अत्तर : त्या दिवशी लावू नका. धरणाच्या भिंतीला, मोठ्या झाडांना आग्यामोहोळ असते. तीव्र वासाने मधमाश्या चवताळू शकतात.

पिशवीत :
- पाण्याची भरलेली बाटली, ओआरएसचे एक पाकीट
- चपाती, सुकी भाजी, गूळ-शेंगदाणे, केळी
- टोपी, रुमाल, मोज्यांचा जादा जोड
- वही-पेन्सिल, घरी असेल तर दुर्बीण
- रोजचे औषध (दम्याचा पंप वगैरे) आणि शिक्षकांना त्याची चिठ्ठी
- पालकांचा फोन नंबर लिहिलेला कागद
- कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी

मोबाईल, दागिने, जास्त पैसे घरीच. जोहरच्या नमाजसाठी पातळ जानमाज पुरे. वजू शिक्षकांसोबतच करावा. धरणाच्या काठाला गाळ आणि शेवाळ असते, तिथे एकट्याने उतरायचे नाही.

मुलाला एवढे मात्र पाठ करून द्या : दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, पळायचे नाही. लगेच सरांना सांगायचे. मोठ्यांनी १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा, झाडफूक नाही.

आणि पिशवी मुलालाच भरू द्या, तुम्ही फक्त तपासा. स्वतः भरलेल्या पिशवीतली वस्तू त्याला वेळेवर सापडते.