संपत जाणारा ठोकळा

लिनोलियम हे मुळात घरातल्या जमिनीवर अंथरायचं साहित्य. जवसाचं तेल हवेत आटवून घट्ट करायचं, त्यात बुचाचा भुगा मिसळायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा, ही कृती फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६०च्या दशकात सिद्ध केली. चित्रकारांनी ते उचललं ते स्वस्ताईमुळे आणि मऊपणामुळे. लाकडाला असतात तसे रेषे त्याला नसल्याने कोरणी हवी तिकडे वळते. तरी बराच काळ त्याच्याकडे शाळकरी मुलांच्या हस्तकलेचं साधन म्हणूनच पाहिलं गेलं. आपल्याकडे ही नजर तितकी टिकली नाही: नंदलाल बोस यांचे दांडीयात्रेतले काठीधारी गांधीजी १९३० साली लिनोवरच कोरले गेले आणि चित्तप्रसाद यांनी मुंबईत राहून याच माध्यमात कष्टकऱ्यांचं जग उभं केलं. पण ही कामं प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्यातली. रंगीत लिनोकटला त्याची स्वतःची वाट सापडली ती पाब्लो पिकासोच्या हातून, आणि तीही त्याने सत्तरी ओलांडल्यावर.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण सोयीचं आहे. पिकासो तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये राहत होता आणि त्याचे जुने मुद्रक, लिथोग्राफीचे मुर्लो वगैरे, दूर पॅरिसमध्ये होते. वालोरिस या कुंभारांच्या गावात इदाल्गो आर्नेरा हा तरुण छापखानदार भेटला. सुरुवातीला त्याच्याकडे गावातल्या प्रदर्शनांची आणि बैलझुंजींची पोस्टरं छापली गेली. १९५८ मध्ये पिकासोने धाकटा क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराच्या एका स्त्रीचित्रावरून मोठा रंगीत लिनोकट केला, तो रूढ पद्धतीने, म्हणजे रंगागणिक वेगळा ठोकळा कोरून. प्रत्येक ठोकळा आधीच्या छापावर अचूक बसवण्याच्या खटाटोपाने तो वैतागला आणि १९५९ पासून त्याने बहुतेक कामं एकाच ठोकळ्यावर करायला घेतली. एवढं सगळं खरं. पण सोयीने फार तर सुरुवात समजते. पुढे जे घडलं त्याचं कारण मला पिकासोच्या स्वभावात दिसतं.

एका ठोकळ्याच्या पद्धतीत आधी फिका रंग सगळ्या कागदांवर छापतात. मग जिथे तो रंग राखायचा तेवढा भाग कोरून काढतात आणि उरलेल्या पृष्ठावर पुढचा, गडद रंग लावून त्याच कागदांवर छापतात. असं करत शेवटच्या काळ्यापर्यंत जायचं. आवृत्ती पन्नास प्रतींची असेल तर पन्नास आणि चुकीसाठी राखलेले कागद पहिल्याच टप्प्यात छापून घ्यावे लागतात, कारण मागच्या टप्प्याचा ठोकळा पुन्हा मिळत नाही. चित्र पुरं होतं तोवर ठोकळ्याचा बराचसा भाग गेलेला असतो. पिकासोची रंगवण्याची रीत याहून वेगळी नव्हती. क्लुझो या दिग्दर्शकाने १९५६ च्या माहितीपटात ती टिपली आहे: तो एक चित्र मोडून त्यावर दुसरं, त्यावर तिसरं करत जातो. कॅनव्हासवर मोडलेलं निदान पुन्हा रंगवता येतं. लिनोवर मोडलेलं कायमचं जातं, आणि ही सक्तीच त्याला मानवली असं मी म्हणतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की ही पद्धत त्याने शोधली नाही. मान्य, शोधाचं श्रेय त्याला देण्याची चाल आहे, पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही. दुसरा असा की निम्मं श्रेय आर्नेराचं. तेही बऱ्याच अंशी रास्त आहे: पिकासो कोरायचा, ठोकळे वालोरिसच्या छापखान्यात जायचे आणि प्रुफं लवकरच हाती यायची. असा मुद्रक जवळ नसता तर हा वेग अशक्य होता, आणि मोठ्या नावाशेजारी कारागिराचं नाव बारीक अक्षरांत टाकण्याची खोड कलाइतिहासाने सोडायला हवी. तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे: हे रंग सपाट, सजावटी, उतारवयातल्या घाईचे आहेत. काही बैलझुंजींच्या आणि मद्योत्सवांच्या चित्रांबद्दल मलाही तसं वाटतं. पण १९६२ चं दिव्याखालच्या ग्लासाचं स्थिरचित्र पाहा. दिव्याचा उजेड तिथे गडद रंगांमधून वाट काढत येतो, कारण तो सगळ्यात आधी छापलेला आहे आणि पुढच्या कोरण्यांनी फक्त राखलेला आहे.

सोयीच्या युक्तिवादाला खरं उत्तर १९६३ च्या प्रयोगात आहे. त्या वेळी पिकासोने ठोकळा फिक्या, तेलकट शाईने कागदावर छापला, वर ब्रशने काळी चायना शाई फासली आणि कागद पाण्याखाली धरला. तेलकट भागावरून काळी शाई निघून गेली आणि कोऱ्या राहिलेल्या कागदात मुरली. यात कुणाचेच श्रम वाचत नव्हते, उलट प्रत्येक कागद हाताने धुवावा लागे. निव्वळ सोय पाहणारा माणूस हे करत नाही.

त्याच वर्षी क्रॉमेलिंक या मुद्रक बंधूंनी मूझँमध्ये, त्याच्या घराजवळ, एचिंगचा छापखाना थाटला. पिकासो तांब्याच्या पत्र्याकडे परतला आणि लिनोकट मागे पडले. दिव्याच्या त्या चित्राची टप्प्याटप्प्याची प्रुफं ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. कधी पाहायची संधी मिळाली तर पुऱ्या झालेल्या चित्राआधी ती पाहा.