नळीवरची भोकं

बंगळुरूत व्हाइटफील्डच्या केटीपीओमध्ये कॉमिक कॉन भरतं, तेव्हा 'स्टार वॉर्स'च्या पांढऱ्या चिलखतातला सैनिक दिसला तर त्याच्या हातातल्या काळ्या हत्याराकडे नीट बघा. भोकाभोकांची नळी, बुटकी मूठ, डाव्या अंगाने आडवं खोचलेलं मॅगझिन. आता बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्याला लटकणारी जुनी कार्बाइन आठवा. दोन्ही एकच! दूरच्या आकाशगंगेतलं ते शस्त्र आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार झालेली आपली 9 मिमी 1ए1 कार्बाइन, दोघांची आई एकच: ब्रिटनची स्टर्लिंग सबमशीनगन.

एअरसॉफ्टच्या छंदातली मंडळी हिच्या प्रेमात का पडतात, हे मला तिची रचना समजल्यावर उमगलं. एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे 6 मिमीचे छर्रे हवेच्या दाबाने उडवणारी खेळातली बंदूक. एखाद्या प्रतिकृतीला जुन्या सबमशीनगनचं रूप द्यायचं, तर मुळात त्या जुन्या बंदुकीचं रूप कशामुळे तसं झालं हे वाचावं लागतं. स्टर्लिंगच्या अंगावर शोभेची म्हणून एकही रेघ नाही.

दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या माघारीत ब्रिटनची शस्त्रं फ्रान्समध्ये राहिली आणि 1941 मध्ये घाईघाईने स्टेनगन आली. पोलादी नळी, थोडं वेल्डिंग, एक जड बोल्ट आणि स्प्रिंग. लहानसहान वर्कशॉपांतूनही तिचे भाग निघत. ती स्वस्त होती, पण मॅगझिनमध्ये गोळी अडकण्याचा तिला रोगच होता. जॉर्ज पॅचेट नावाच्या अभियंत्याने डॅगनमच्या स्टर्लिंग कंपनीत त्यावर उतारा शोधला आणि 1953 मध्ये ब्रिटिश सैन्याने त्याची बंदूक स्वीकारली. भारताने पुढे परवाना घेऊन ती घरीच बनवली.

तिचं मॅगझिन वाकडं का? 9 मिमीचं काडतूस पुढच्या टोकाकडे किंचित निमुळतं असतं. अशी काडतुसं एकावर एक रचली की चवड आपोआप वळते. स्टेनच्या सरळ मॅगझिनमध्ये ती चवड जबरदस्तीने सरळ ठेवलेली होती. पॅचेटने डबाच वाकवला आणि आत काडतुसं वर ढकलणाऱ्या तुकड्याला रूळ बसवले. 34 काडतुसं अलगद वर सरकू लागली. मॅगझिन खाली न लावता डावीकडे का? जमिनीवर पालथं पडलेल्या शिपायाला ते मातीला टेकायला नको म्हणून. उजव्या बाजूच्या खिडकीतून आतला बोल्ट दिसतो, त्याच्या अंगावर तिरक्या पन्हळी आहेत. आत शिरलेली वाळू आणि काजळी बोल्ट पुढेमागे होताना त्याच खरवडून काढतात. खिडकीच्या पुढे एक इवलासा पत्रा आहे, तो पुढच्या हाताची बोटं घसरून खिडकीत जाऊ नयेत म्हणून. आणि नळीभोवतीच्या वेष्टनाला ती भोकं? तापलेल्या नळीला वारा लागावा आणि हात भाजू नये, एवढ्यासाठी.

'स्टार वॉर्स'च्या वेळी नेमकं उलटं झालं. रॉजर ख्रिश्चन या सेट सजवणाऱ्याकडे पैसे थोडे होते. त्याने लंडनच्या शस्त्रभांडारातून खऱ्या स्टर्लिंग भाड्याने आणल्या आणि त्यांच्यावर जुनी दुर्बीण, कारखान्यातला आकडे मोजणारा काउंटर असं भंगार चिकटवलं. भोकांवर तर साध्या टी-आकाराच्या पट्ट्या लावल्या. त्या पट्ट्यांना काहीच काम नव्हतं, तरी 1977 मध्ये सगळ्या जगाला वाटलं की हे शस्त्र भविष्यातून आलंय. मला वाटतं, ते खरं वाटलं याचं श्रेय खालच्या नळीला आहे.

आता प्रतिकृतीच्या पोटात शिरू. एअरसॉफ्टचा जन्म 1970 च्या दशकातल्या जपानचा. तिथे सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून खेळण्यातला खरेपणा कळसाला पोचला. विजेवर चालणाऱ्या बंदुकीत छोटी मोटर तीन दातेरी चाकं फिरवते. शेवटच्या चाकाला अर्ध्याच परिघावर दाते असतात. दाते असेपर्यंत ते दट्ट्या मागे ओढतं, स्प्रिंग दाबली जाते. दाते संपले की दट्ट्या सुटतो आणि पिचकारीसारखी हवा पुढे फेकतो. सेकंदात हे दहा-पंधरा वेळा घडतं. स्फोट नाही, बोल्ट उडत नाही, उष्णता तर नाहीच. म्हणजे बाहेरची सगळी भोकं, खिडक्या, वाकडं मॅगझिन यांची आत कुणाला गरज उरलेली नाही. छर्रा गोल असतो, त्याला वाकडा डबा लागत नाही. वाकड्या डब्यात त्याच्यापुरती एक अरुंद पन्हळ असली की झालं.

0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटरने सुटला तर त्याची ऊर्जा बरोबर 1 जूल भरते. जपानच्या कायद्याने मर्यादा 0.98 जूलवर बांधली आहे. खऱ्या 9 मिमी गोळीची ऊर्जा 500 जूलच्या आसपास असते. बाहेरून हुबेहूब, आतून पाचशे पट दुबळी.

इतका हलका छर्रा हवेत लगेच खाली पडायला हवा, पण तो चाळीस-पन्नास मीटर सरळ जातो. याचं मला सगळ्यांत जास्त अप्रूप वाटतं. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा एक बारीक उंचवटा असतो. छर्रा त्याला घासून जाताना उलटा फिरू लागतो. उलट्या फिरकीमुळे त्याच्या वरची हवा वेगाने मागे जाते, खालची रेंगाळते, मागे सुटणारा हवेचा पट्टा खाली वळतो आणि छर्रा वर उचलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हाइनरिख मॅग्नस यांनी 1852 मध्ये तो मांडला. चिन्नास्वामी स्टेडियमवर अनिल कुंबळे यांच्या फ्लिपरला जी उलटी फिरकी असायची, तीच ही. उंचवटा थोडा जास्त दाबला की छर्रा झाडाच्या शेंड्याकडे निघून जातो, कमी दाबला की पायाशी पडतो.

रूप बदलताना खरी कोडी इथे सुरू होतात. थॉम्पसनसारख्या लाकडी दस्त्याच्या बंदुकीत बॅटरी दस्त्याच्या पोटात लपते. स्टर्लिंगचा दस्ता म्हणजे घडी होऊन नळीखाली जाणारा लोखंडी सांगाडा. त्यात जागा कुठली? मग बॅटरी आणि यंत्र दोन्ही एकाच नळीत बसवायचं. त्या नळीचा व्यास वाढवता येत नाही, कारण व्यास चुकला की भोकांचं प्रमाण बिघडतं आणि जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच अडखळते. भोकं पाडण्याआधी नळीभोवती कागद गुंडाळून त्यावर ओळी आखाव्या लागतात, नाहीतर शेवटची रांग पहिल्या रांगेला भेटत नाही.

कॉमिक कॉनमधल्या बंदुका मात्र बहुतेक फोमच्या किंवा थ्रीडी प्रिंटरमधून काढलेल्या असतात, आणि आपल्याकडे तेच शहाणपणाचं. रस्त्यावरच्या पोलिसाला लांबून खरं-खोटं ओळखता येत नाही. अमेरिकेत म्हणूनच अशा प्रतिकृतींच्या तोंडाला नारिंगी रंग कायद्याने लागतो. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम, परवान्याशिवाय नकली बंदुकीचं खऱ्यात रूपांतर करायला मनाई करतं. हौशी माणसाने दिखाऊ भागालाच हात लावावा, आणि बाहेर नेताना प्रतिकृती बंद पिशवीतून न्यावी.

शेवटचं काम रंगाचं. ब्रिटिश स्टर्लिंगवर सुरकुतलेला काळा रंग असे. तो जमवायला सुरकुत्यांच्या स्प्रेचे थर वेगवेगळ्या दिशांनी मारतात, एकदा उभा, एकदा आडवा, एकदा तिरका. मग हेअर ड्रायरने ऊब देतात. वरचा पापुद्रा आधी वाळून फुगतो, खालचा अजून मऊ असतो, आणि गुळगुळीत नळीवर बघता बघता बारीक सुरकुत्यांची जाळी उमटते. कडांवर रुपेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली, की जिथे शिपायाचा हात रोज लागला असता तिथे रंग झिजून लोखंड उघडं पडल्यासारखं दिसतं. मुठीच्या मागे, मॅगझिनच्या तोंडाशी, दस्ता घडी घालायच्या खटक्यावर. बाकी ठिकाणी ब्रश लावायचा नाही.